तीनशे चाळीस

केरबा पोवारांना मी शिंप्याच्या टेपनं मोजलं,
टाचेपासून टाळूपर्यंत, झोपलेल्यालाच.
एकशे साठ सेंटिमीटर.
वजन विचारात घ्यायचं नाही.
पोट सुटलं म्हणून फुप्फुस सुटत नाही,
ते उंचीच्या मापानंच शिवलेलं असतं.
आणि त्यातलंही निम्म्याच्या वर
न्यूमोनियानं मिटलंय, ओल्या पोत्यासारखं.
उरलंय ते लहान पोराएवढं.
त्या पोराला बापाचा सदरा घालायचा नाही.

एका श्वासाला तीनशे चाळीस मिली.
मी आकडा भरला.
मगदूम डॉक्टरबाईंनी मान हलवली,
दाब तीसच्या आत आहे ना, पुन्हा एकदा पाहिलं
आणि चहाला गेल्या.

रात्रीचा दीड. शाहूपुरी, तिसरा मजला.
स्टेशनाकडं कुठलंसं इंजिन मागं-पुढं होतंय.
हौसाक्का काचेतून खूण करतात.

"शिस्टर, वारं लई कमी लावलंयसा.
छाती हालल्यागतच दिसंना.
पैशाचं काय असलं तर सांगा,
म्हस इकतो."

म्हैस नका विकू, एवढंच म्हणाले.
पुढचं बोलताच येईना,
कारण मधे येऊन उभे राहिले गडहिंग्लजचे मास्तर.
माझं नोकरीचं दुसरं वर्ष.
तेव्हा आम्ही भरभरून द्यायचो.
साडेसातशे. छाती कशी दणदणीत उचलायची!
रक्ताचे रिपोर्ट फ्रेम करून लावावेत असे.
चौथ्या दिवशी त्यांच्या गळ्यापाशी, कातडीखाली,
हवा लागली माझ्या बोटांना.
चुरमुरे दाबल्यासारखी, बारीक, कुरकुरत.
पुढं कैक वर्षं मी भडंग खाल्लं नाही.
कुणाची चूक नव्हती, तेव्हा शिकवलंच तसं होतं.
हे वाक्य स्वतःला किती वेळा ऐकवलं
ते मोजायला टेप नाही.

"गुऱ्हाळावर काय करतात हे?" मी विचारलं.
"चुलवाणावर असत्यात. तीस वर्सं झाली जाळ घालत्यात."
"मग जाळ जास्त झाला तर?"
"पाक करपतोय की."
बोलता बोलता थांबल्या. काचेतून आत बघितलं.
मग हळूच, जणू मलाच बजावल्यासारखं,
"पर कमी झाला, तर गूळ धरत न्हाई हं."

हेच.
हेच मला बाराखडीत मांडता येत नव्हतं.

बरगड्यांच्या तळाशी एक पडदा आहे, मांसाचा,
जन्मल्यापासून एक दिवस सुटी न घेतलेला.
त्याचं काम यंत्रानं सगळंच उरकलं
तर दोन दिवसांत झिजायला लागतो बिचारा.
आराम म्हणून दिलेला आराम त्याला खातो.
आणि सगळंच त्याच्यावर टाकलं
तर उपाशी माणसासारखा ओढतो,
स्वतःही फाटतो, फुप्फुसही फाडतो.
म्हणून गुंगी उतरवायची ती थेंबाथेंबानं.
म्हणून रोज सकाळी बरगडीवर जेल लावून
सोनोग्राफीत त्याची जाडी बघायची.
दोन मिलिमीटर.
दोन मिलिमीटरवर घर उभं आहे पोवारांचं.

तिसऱ्या रात्री जमेना.
ते घ्यायला जायचे, यंत्र नेमकं तेव्हाच सोडायचं.
दारात दोन माणसं एकदम अडकावीत तसं.
गजर. वेळ बदलली. पुन्हा गजर.
बाईंनी बटणावर बोट ठेवून त्यांच्याकडं बघत
वाट पाहिली, घड्याळाकडं न बघता.

पाचव्या पहाटे पडद्यावरच्या रेघेत,
श्वास चढायच्या जरा आधी,
एक खाच दिसली. नखाएवढी, खाली गेलेली.
ती यंत्राची नव्हती.

हौसाक्कांना आत बोलावून बोट ठेवून दाखवली.
"ह्ये काय?"
"ओढतायत."
"किती?"
"थोडंसं. बाकीचं आपण देतोय."

त्या बराच वेळ त्या खाचेकडं बघत राहिल्या,
चुलवाणाच्या तोंडाशी बसून
ज्वाळेचा रंग बघावा तशा.
"आसंच ऱ्हाऊ द्या," म्हणाल्या,
"आता चिपाड घालायची घाई नको."

सहा नंबरचा गजर वाजला. मी गेले.